ग्राइंडर पिशवीतच राहू दे

घराचे पत्रे बदलायला काढलेस, बरं केलंस. मात्र मिस्त्री पहिल्याच दिवशी पिशवीतून ग्राइंडर काढेल, तो त्याला परत पिशवीत ठेवायला लाव. मामाचं एवढं एक ऐकलंस तरी निम्मं काम झालं.

आपण ज्याला सिमेंटचा पत्रा म्हणतो त्या जुन्या पत्र्यात साधारण आठ ते दहा टक्के अ‍ॅस्बेस्टॉस असतो. आहे खनिजच, पण त्याचे उभे धागे सुटतात आणि एका धाग्यातून आणखी बारीक धागे निघतात, शेवटी डोळ्यांना दिसेनासे होईपर्यंत. सिमेंटने धरून ठेवलंय तोवर ते जागचे हलत नाहीत. त्यामुळे इतकी वर्षं या छपराखाली झोपलो म्हणून आज दचकून उठायचं कारण नाही. पत्रा कापला, घासला, फोडला, त्याला भोक पाडलं की धागे मोकळे होतात, श्वासाबरोबर खोल फुफ्फुसात जातात आणि शरीराला ते विरघळवता येत नाहीत. मग कुणाचं फुफ्फुस आतून घट्ट होत जातं आणि दम लागतो, तो अ‍ॅस्बेस्टॉसिस. कुणाला फुफ्फुसाचा कॅन्सर होतो. कुणाला मेसोथेलिओमा, म्हणजे फुफ्फुसावरच्या पातळ आवरणाचा कॅन्सर. हा तर धूळ गेल्यावर तीस-चाळीस वर्षांनीही डोकं वर काढतो.

म्हणून ‘इतकी वर्षं पत्रे कापतोय, मला काय झालं?’ असं मिस्त्री म्हणाला तर त्याचं वय विचार. सुप्रीम कोर्टाने 1995 च्या निकालात अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्यांना सांगितलं की कामगाराच्या तब्येतीच्या नोंदी तो कामाला लागल्यापासून किमान 40 वर्षं किंवा काम सुटल्यावर 15 वर्षं, यातलं जे उशिरा येईल तोवर जपून ठेवा. ते याच हिशेबाने. दुकानदार म्हणेल, ‘हा पांढरा अ‍ॅस्बेस्टॉस आहे, निळ्यासारखा वाईट नाही.’ जागतिक आरोग्य संघटनेने सगळेच प्रकार कॅन्सर करणाऱ्यांच्या यादीत घातलेत. साठाहून अधिक देशांनी त्यावर बंदी आणली. आपल्याकडे खाणींना नवे परवाने देणं केव्हाच थांबलं, पण बाहेरून आणून पत्रे करणं चालूच आहे. हा कुठला न्याय, ते मला नोकरीभर कळलं नाही.

आता काम कसं करायचं ते. आंब्यावर फवारणी करायचा पाठीवरचा पंप आहे ना, तो स्वच्छ धुऊन घे, औषधाचा वास राहता कामा नये. त्यात पाणी भर, थोडा भांड्यांचा साबण टाक आणि आदल्या संध्याकाळी नि काम सुरू करताना पत्रा दोन्ही बाजूंनी भिजव. जोराचा फवारा नको, भिजला की पुरे. पत्रे धरून ठेवणारे जे-हूक गंजलेले असणारच. नट फिरत नसेल तर हूक बोल्ट कटरने तोडायचा, पत्र्याला हात लावायचा नाही. पत्रा अख्खा सुटला पाहिजे आणि दोरीने अख्खा खाली आला पाहिजे. वरून अंगणात टाकला की झालं, सगळी मेहनत वाया. आणि वर चढणाऱ्याला सांग, पत्र्यावर थेट पाय नको, वाशांवर फळी टाकून तिच्यावरच उभं राहा. जुना पत्रा सांगून फुटत नाही. कॅन्सरला तीस वर्षं लागतात, छपरातून खाली पडायला क्षण पुरतो.

खाली आधी जाड प्लास्टिक अंथर. घरातले कपडे, भांडी, धान्य बाहेर काढ किंवा झाकून ठेव. पोरांना नि सूनबाईला तेवढे दिवस तिच्या माहेरी पाठव. तोंडाला रुमाल बांधून काही होत नाही, सर्जिकल मास्कनेही नाही. एफएफपी-3 दर्जाचा मास्क मिळतो, तो वर चढणाऱ्या प्रत्येकाला तू घेऊन दे, मिस्त्रीच्या भरवशावर सोडू नकोस. काम झाल्यावर खराटा अजिबात नाही. ओल्या फडक्याने पुसायचं आणि फडकी कचऱ्याबरोबर बांधायची. कपड्यांचंही तसंच. 1965 साली लंडनच्या एका अभ्यासात मेसोथेलिओमाचे काही रुग्ण असे सापडले की त्यांनी कारखान्यात कधी पाऊल ठेवलं नव्हतं, घरी बसून नवऱ्याचे कामाचे कपडे धुतले होते. तेव्हा गड्यांना जुने कपडे घालायला सांग, अंघोळ तुझ्याकडेच करू दे, आणि ते कपडे घरी न नेता पिशवीत बांधून टाक.

आणखी एक. धुळीच्या कामावर गूळ खाल्ला की छाती साफ होते, असं आपल्याकडचे गडी म्हणतात. गूळ जातो पोटात आणि धागा बसतो फुफ्फुसात, त्यांची गाठ कुठे पडणार? खुशाल खावा, पण मास्क काढून नव्हे. विडी मात्र सुटलीच पाहिजे. अ‍ॅस्बेस्टॉस आणि धूर एकत्र आले की फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका कितीतरी पटीने वाढतो.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा रायगडात किती छपरं उडाली ते तू पाहिलंस. त्यानंतर तुकडे जिथे पडले तिथेच राहिले. कुणी वाटेत भर म्हणून टाकले, कुणी कोंबड्यांच्या खुराड्यावर ठेवले, पोरांनी लगोरीला घेतले. आपल्या आवारात असे तुकडे असतील तर भिजवून हाताने वेच, हातमोजे घालून, आणि जाड प्लास्टिकच्या दोन थरांत बांध. शेकोटीत तर एकही जाऊ देऊ नकोस, तापला की फाडकन फुटतो. आणि नव्या पन्हळीत साचणारा गाळ ओला असतानाच काढायची सवय लाव, मागच्या पाखाचे जुने पत्रे तू ठेवतोयस म्हणून सांगतो. त्यांच्यावरचं शेवाळ तारेच्या ब्रशने घासू नकोस, हिरवं दिसलं तर दिसू दे.

पत्रा अ‍ॅस्बेस्टॉसचा आहे की बिनअ‍ॅस्बेस्टॉसचा, हे नुसतं बघून मलाही सांगता येत नाही. ते प्रयोगशाळेचं काम. शंका असेल तर आहेच असं धरून चाल. आणि नुसत्या छपराकडे बघू नकोस. जुन्या इमारतींत संडासाचे उभे करडे एसी (अ‍ॅस्बेस्टॉस-सिमेंट) पाइप, गच्चीवरच्या सिमेंटच्या टाक्या, खोल्यांमधल्या सपाट शीटच्या आडभिंती, हे सगळं त्याच जातीचं असू शकतं. खिळा ठोकण्याआधी विचार करावा.

तू शाळा समितीवर आहेस म्हणून शेवटी तिथलं. प्रयोगशाळेच्या कपाटात तिवईवर ठेवायची तारेची जाळी असेल, मधोमध पांढरा गोल असलेली. जुन्या जाळीतला तो गोल अ‍ॅस्बेस्टॉसचा असतो आणि वापरून वापरून त्याचे पापुद्रे सुटतात. त्या सगळ्या पिशवीत बांधून बाजूला काढ, सिरॅमिकच्या मिळतात त्या आण. स्वच्छता मोहिमेत मुलांना फुटके पत्रे उचलायला लावू नका, हे मुख्याध्यापकांना तू स्वतः सांग. व्हरांड्याचं छप्पर उतरवायचं ठरलं तर कंत्राटात भिजवणं, मास्क आणि पत्रे नेण्याची सोय लिहून घ्या. घातक कचऱ्याची केंद्रं तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे आहेत, तेव्हा प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात विचारून तो खर्च अंदाजपत्रकातच धरा, नाहीतर ठेकेदार सगळं खाडीकाठी ओतून मोकळा होईल. आणि काम जूनमध्ये शाळा उघडण्याआधी उरकत नसेल तर सरळ दिवाळीच्या सुट्टीवर टाका. वर्ग भरलेले असताना एकही पत्रा हलवू देऊ नकोस.