मधपेटीतील लहान भुंगेरा : ओळख व बंदोबस्त

मूळचा आफ्रिकेतील हा भुंगेरा १९९८ साली अमेरिकेत, २००२ साली ऑस्ट्रेलियात व २०१४ साली इटलीत आढळला. २०२२ साली पश्चिम बंगालमध्येही त्याची नोंद झाली. फुलोऱ्यामागे परप्रांतांत पेट्या नेणाऱ्या आपल्या मधपाळांनी म्हणून त्याची ओळख करून घेणे अगत्याचे आहे.

प्रौढ भुंगेरा ५ ते ७ मिलिमीटर लांब व काळसर तपकिरी असतो. पेटी उघडताच तो अंधाऱ्या फटीकडे पळतो. खरे नुकसान त्याच्या अळ्या करतात. त्या मध, पराग व माश्यांची पिल्ले खातात. त्यांच्यामुळे मध आंबून गळू लागतो व त्यास कुजलेल्या संत्र्यासारखा वास येतो. मेणपतंगाच्या अळ्या पोळ्यात जाळी विणतात. या विणत नाहीत. पूर्ण वाढलेल्या अळ्या पेटीजवळील जमिनीत शिरून कोष करतात.

पेटीतील पोळ्यांवर माश्यांचा पहारा असतो. कोठारातील पोळ्यांना राखणदार नसतो. यास्तव पुढील काळजी घ्यावी :

(१) वसाहती सशक्त राखाव्यात. माश्यांनी झाकल्या जातील तेवढ्याच चौकटी पेटीत ठेवाव्यात.

(२) पेटीबाहेर काढलेल्या चौकटींतील मध एक-दोन दिवसांतच यंत्राने काढून घ्यावा.

(३) तुटकी पोळी व मेणाचा चोथा उघड्यावर टाकू नये.

(४) पेट्या कोरड्या व कठीण जमिनीवर मांडाव्यात.

(५) संशय येताच पेट्या हलवू नयेत. किडीचा नमुना स्पिरिटमध्ये घालून जवळच्या कृषी कार्यालयास दाखवावा.

बाधित पेटी परगावी नेणे म्हणजे दुसऱ्याच्या दारी कीड नेऊन ठेवणेच होय.