मूत्राशयातली गाठ आणि आपली ऑप्टिक्स

आमचं कर्जत म्हणजे नगर जिल्ह्यातलं, रायगडमधलं नव्हे! उन्हाळा कडक. लघवीला जळजळ झाली की "उन्हाळी लागली" म्हणायचं आणि धने-जिऱ्याचं पाणी प्यायचं. माझ्या मावशीने लघवीतून रक्त गेलं तेव्हाही तेच केलं, कारण दुखत काहीच नव्हतं. पण न दुखता रक्त जाणं हेच जास्त संशयास्पद असतं. सोनोग्राफीत मूत्राशयात गाठ दिसली आणि घरात कोणी कोणाशी बोलेना.

गाठ निघाली लायोमायोमा. गर्भाशयात फायब्रॉइड होतो त्याच जातीची, स्नायूची साधी गाठ. मूत्राशयाच्या शंभर गाठींत अशी एकसुद्धा सापडत नाही; बहुतेक गाठी कॅन्सरच्याच असतात. नुसतं बघून खात्री होत नाही, तुकडा मायक्रोस्कोपखाली जावाच लागतो.

तिचं पोट फाडावं लागलं नाही. मूत्रमार्गातून दुर्बीण आत घालतात, द्रवाने मूत्राशय फुगवतात आणि तारेच्या लूपमधून हाय फ्रिक्वेन्सी करंट सोडून गाठ चकत्या-चकत्यांनी कापतात. करंट मोनोपोलर असेल तर सलाइन चालत नाही, कारण क्षारांमुळे करंट सगळीकडे पसरतो. म्हणून ग्लायसिनचं द्रावण वापरतात. पण ते रक्तात जास्त शिरलं तर सोडियम घटतं. बायपोलरमध्ये सलाइन चालतं, त्यामुळे तो धोका टळतो. इलेक्ट्रिकलवाल्यांनो, वाचताय ना?

दुर्बिणीची गोष्ट तर फारच भारी आहे. १८७९ साली जर्मनीच्या माक्स नित्झेने प्लॅटिनमची तार तापवून मूत्राशयात उजेड पाडला, आणि ती तार थंड ठेवायला पाणी खेळवलं! पुढची कित्येक वर्षं लांब नळीत छोटी भिंगं आणि मध्ये हवा, अशीच रचना होती. चित्र अंधुक दिसायचं. १९५९ मध्ये हॅरॉल्ड हॉपकिन्सने हे उलटं केलं. नळीत काचेच्या लांब कांड्या बसवल्या आणि मध्ये हवेच्या छोट्या फटी ठेवल्या. त्या फटीच भिंगाचं काम करतात. उजेड कित्येक पटींनी वाढला.

गाठ बाहेरच्या बाजूला वाढली असेल तर पोटाला छोटी छिद्रं पाडून लॅपरोस्कोपीने काढतात. ही पद्धत आपल्याकडे रुजवली ती मुंबईच्या डॉ. तेहेम्टन उडवाडियांनी. १९९० साली जे. जे. हॉस्पिटलमध्ये त्यांनी देशात पहिल्यांदा अशा प्रकारे पित्ताशय काढलं.

अजून एक विचित्र गाठ असते, पॅरागँग्लिओमा. तिच्यात लघवी करताना ब्लड प्रेशर चढतं, डोकं ठणकतं. आधी गोळ्यांनी प्रेशर ताब्यात आणल्याशिवाय तिला हात लावणं धोक्याचं. तेव्हा डॉक्टरांनी "लघवीच्या वेळी धडधडतं का?" असं विचारलं तर हसू नका.