स्टेपनीची राखण

चोर्ला घाटात रात्री जीपचे चाक पंक्चर व्हावे, गाडीत रुग्ण असावा आणि मागील दारावरील स्टेपनी नाहीशी झाल्याचे तेव्हाच कळावे, याहून मोठी अडचण कोणती? स्टेपनीकडे गरजेपूर्वी सहसा कोणाचे लक्ष जात नाही. चोराचे फावते ते यामुळेच.

थार, जिप्सी यांसारख्या फोर-व्हील ड्राइव्ह गाड्यांची स्टेपनी मागे उघड्यावर असते. तिचे साधे नट कोणत्याही पान्याने सुटतात. म्हणून त्यांपैकी एक नट काढून त्या जागी कुलपी नट बसवावा. त्याची किल्ली मात्र गाडीतच, ठरलेल्या जागी ठेवावी. किल्ली घरी राहिली तर कुलूप मालकालाच नडते. रिमच्या छिद्रातून साखळी ओवून कुलूप लावल्यास अधिक बरे. नुसत्या कापडी आच्छादनाने संरक्षण होत नाही. कुलपी नट महिन्यातून एकदा सोडवून पाहावा, अन्यथा तो गंजून अडकतो.

टायरवरील क्रमांक वहीत टिपून ठेवावा. निर्मितीदर्शक चार अंकांपैकी पहिले दोन आठवडा व शेवटचे दोन वर्ष दाखवितात. '२३२४' म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. चोरी झाल्यास तक्रारीत ही नोंद उपयोगी पडते.

स्वस्तात मिळणारी स्टेपनी घेण्यापूर्वीही विचार करावा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार, चोरीचा माल जाणूनबुजून घेणाऱ्यासही तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो.

चालकांनी रोज निघताना पाण्या-तेलाबरोबर स्टेपनीही पाहावी. घाटातील रुग्णाचा प्राण कदाचित त्या एका नजरेवर अवलंबून असेल.