पाठ होत नाही? आधी पुस्तक मिटा

लातूरच्या ट्यूशन एरियात किंवा नांदेडच्या श्यामनगर, बाबानगर भागात खोली घेऊन राहणारी नीटची मुलं दवाखान्यात येतात, तेव्हा ठरलेली तक्रार असते : "सर, वाचलेलं लक्षातच राहत नाही." सोबतचे वडील हळूच विचारतात, "डोकं चालायला एखादं टॉनिक देता का?" निरोगी मुलाची स्मरणशक्ती वाढवतं असं सिद्ध झालेलं एकही टॉनिक बाजारात नाही. बहुतेकांची स्मरणशक्ती ठणठणीत असते. गडबड असते ती अभ्यासाच्या पद्धतीत आणि झोपेत.

वाचणं वेगळं, आठवणं वेगळं

एनसीईआरटीचं जीवशास्त्र पाचव्यांदा वाचताना प्रत्येक ओळ ओळखीची वाटते आणि 'हे मला येतं' असा भास होतो. परीक्षेत मात्र चारही पर्याय ओळखीचे वाटतात. बरोबर उत्तराला ४ गुण आणि चुकीला वजा १, अशा पेपरात हा भास फार महाग पडतो.

रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये केलेला प्रयोग प्रत्येक विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावा. एका गटाने उतारा दोनदा वाचला. दुसऱ्याने एकदा वाचला आणि मग न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी दोनदा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर त्यांना ४२ टक्के आठवलं, तर लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के. आठवताना मेंदूला जे कष्ट पडतात, त्यातूनच स्मृती पक्की होते.

म्हणून पान वाचलं की पुस्तक मिटा. कोऱ्या कागदावर हृदयाचे चार कप्पे, झडपा आणि रक्ताचा मार्ग काढा. मग पुस्तक उघडून सुटलेलं लाल पेनाने भरा. रंगीत हायलायटरने पान सजवण्यापेक्षा हा लाल पेन जास्त उपयोगी आहे.

उजळणी लांबवत न्या

एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ मध्येच दाखवून दिलं, की पाठ केलेलं सर्वांत वेगाने विसरलं जातं ते पहिल्या दिवसात. त्यामुळे पहिली उजळणी त्याच रात्री दहा मिनिटं, दुसरी दोन-तीन दिवसांनी, तिसरी आठवड्याने आणि पुढची महिन्याने करा. प्रत्येक वेळी आधी आठवा, मगच पुस्तक उघडा. एका दिवसात सहा तास रेटलेला धडा आणि तेच सहा तास महिनाभरात वाटून केलेला धडा, यांत दुसराच टिकतो.

भौतिकशास्त्राची गणितंही एकाच धड्याची सलग चाळीस सोडवू नका. दोन-तीन धड्यांची मिसळून सोडवा, म्हणजे कुठे कोणतं सूत्र लावायचं हे ओळखण्याचाही सराव होतो.

लातूर पॅटर्न नावारूपाला आला त्यात वारंवार घेतल्या जाणाऱ्या सराव परीक्षांचा मोठा वाटा आहे, आणि स्मृतीचं शास्त्रही त्यांच्याच बाजूने आहे. पण अनेक मुलं टेस्ट झाली की फक्त रँक बघतात आणि पेपर बाजूला टाकतात. खरा अभ्यास तिथून सुरू होतो. चुकांची वही ठेवा : काय चुकलं, का चुकलं, बरोबर काय. आठवड्याने तेच प्रश्न पुन्हा सोडवा.

झोप कापू नका

दिवसभर शिकलेलं मेंदू झोपेत नीट लावून ठेवतो. हिप्पोकॅम्पस या भागात तात्पुरती साठलेली माहिती गाढ झोपेत मेंदूच्या बाह्यस्तराकडे पक्की होत जाते. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तासांची झोप लागते. रात्री दोनपर्यंत जागून सकाळी सहाच्या बॅचला जाणारा विद्यार्थी आदल्या दिवसाची कमाई स्वतःच पुसत असतो. संध्याकाळनंतर चहा-कॉफी बंद करा; कॅफिनचा निम्मा अंश साधारण पाच तासांनीही रक्तात असतो. मोबाइल उशाशी नको.

नीट दुपारी दोन ते पाच या वेळेत असते. १८० प्रश्न आणि १८० मिनिटं. जेवून दुपारी ताणून द्यायची सवय असेल, तर नेमक्या त्याच वेळी डोळे जड होतील. शेवटचा महिनाभर सराव पेपर दोन ते पाचमध्येच सोडवा. परीक्षा बहुधा मे महिन्यात, मराठवाड्याच्या ऐन उन्हात येते. पाणी पीत राहा, दुपारचं जेवण हलकं ठेवा आणि त्या दिवशी कुठलीही नवी गोळी घेऊ नका.

तपासणी कधी करावी?

सतत थकवा, धाप लागणं, केस गळणं, वर्गात डुलक्या येणं अशी लक्षणं असतील तर हिमोग्लोबिन, बी-१२ आणि थायरॉइड तपासून घ्या. मुलींमध्ये हिमोग्लोबिन १२च्या खाली असेल तर तो ॲनिमिया. त्यात लक्ष लागत नाही, यात मुलीचा आळस नसतो. मेसच्या डब्यात भात-बटाटाच जास्त असेल तर डाळ, उसळ, पालेभाजी, शेंगदाणे-गूळ, दही आणि चालत असेल तर अंडं जोडा. जेवणावर लिंबू पिळा, चहा मात्र तासभर लांब ठेवा.

आई-बाबांनो, रात्रीच्या फोनवर "टेस्टला किती पडले?" याआधी "जेवलास का, झोप झाली का?" हे विचारा. मूल बोलेनासं झालं, जेवण-झोप तुटली, 'मी कशालाच लायक नाही' असं म्हणू लागलं, तर ते नाटक समजू नका. त्याच दिवशी त्याच्याजवळ जा आणि डॉक्टरांना दाखवा. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. नीट पुढच्या वर्षीही देता येते. हा फोन मात्र लांबवू नका.