ओला रस्ता आणि सायकलचा टायर

सायकलस्वाराचा सर्व भरंवसा दोन लहानशा जागांवर असतो. दोन्ही चाकांचे टायर जेथें जमिनीस टेकतात, त्याच या जागा होत. मागील चाकावर १०० पौंड भार पडत असेल आणि टायरांत दर चौरस इंचास ८० पौंड दाबाची हवा असेल, तर भारास दाबानें भागिलें असतां टेकणारी जागा सुमारें सव्वा चौरस इंच निघते. ही जागा अंगठ्याच्या ठशाहून फारशी मोठी नव्हे. चालणें, वळणें व थांबणें या तिन्ही क्रिया एवढ्याशा रबराच्या आधारावर घडतात. पावसांत हा आधार कां ढळतो व तो कसा राखावा, याचा येथें थोडक्यांत विचार करूं.

आरंभीं सायकलच्या चाकांस भरीव रबर लावीत. बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यानें १८८८ सालीं हवा भरलेल्या टायराचें पेटंट घेतलें आणि तेव्हांपासून सायकलीस हा टायर मिळाला. त्यानें धक्के कमी झाले, एवढाच त्याचा लाभ नाहीं. हवेमुळें टायर मऊ राहून रस्त्याच्या उंचसखल पृष्ठभागाशीं जुळतें घेतो, आणि पकड येते ती यामुळेंच.

रबर रस्त्यास दोन प्रकारांनीं धरतें. एक तर तें पृष्ठभागास अगदीं लगटून चिकटूं पाहतें. दुसरें असें कीं, खडीच्या बारीक टोंकांवर तें दाबलें जाऊन त्या टोंकांना अडतें. रस्ता ओला झाला म्हणजे मध्यें पाण्याचा पातळ पापुद्रा येतो व पहिल्या प्रकारची पकड पुष्कळशी नाहींशी होते. दुसरी मात्र बरीच टिकते. म्हणून खडबडीत डांबरी रस्ता भिजला तरी बराचसा विश्वासू राहतो. पण लोखंडी झांकणें, रूळ, गुळगुळीत फरशी व रस्त्यावरील रंगाचे पांढरे पट्टे यांवर अडण्यास टोंकेंच नसल्यानें चाक क्षणांत घसरतें.

येथें एका प्रचलित समजुतीची परीक्षा केली पाहिजे. मोटारच्या टायरांवर खोल खांचा असतात. तेव्हां सायकलच्या टायरावरही जितकी नक्षी अधिक तितकी पावसांत पकड अधिक, असें पुष्कळांस वाटतें. मोटारीचा वेग फार वाढला म्हणजे तिच्या रुंद टायराखालून पाणी बाहेर पडण्यास अवकाश मिळत नाहीं व चाक पाण्यावर तरंगूं लागतें. खांचा असतात त्या या पाण्यास वाट देण्यासाठीं. अमेरिकेंतील ‘नासा’ या संस्थेच्या संशोधकांनीं १९६० नंतरच्या दशकांत विमानांच्या चाकांवर प्रयोग करून या वेगाचा एक नियम बसविला. दर चौरस इंचास जितके पौंड दाब असेल त्याचें वर्गमूळ काढून त्यास १०.३५ नें गुणावें, म्हणजे तरंगण्याचा वेग ताशीं मैलांत मिळतो. मोटारच्या टायरांत ३० पौंड दाब धरिला, तर हा वेग ५७ मैल, म्हणजे सुमारें ९१ किलोमीटर येतो. हाच हिशेब सायकलच्या ८० पौंडांस लाविला, तर तो ९२ मैलांच्या वर, म्हणजे सुमारें १४९ किलोमीटर होतो! शिवाय सायकलचा टायर अरुंद व गोलाकार असल्यानें तो नावेच्या नाळेप्रमाणें पाणी दुभंगीत जातो. सारांश, सायकल पाण्यावर तरंगत नाहीं, आणि पक्क्या रस्त्यावर नक्षीचा उपयोग अल्प असतो. चिखलाच्या वाटेवर मात्र उंच दांते मातींत रुततात, म्हणून तेथें ते उपयोगी पडतात.

मग सायकली घसरतात कशानें? याचें एक ठळक उदाहरण २९ ऑगस्ट २०२० रोजीं फ्रान्समधील नीस शहरीं घडलें. ‘तूर द फ्रांस’ या प्रसिद्ध शर्यतीच्या पहिल्याच दिवशीं दीर्घ उन्हाळ्यानंतर पाऊस आला. स्वार जगांतील निवडक, टायरही उत्तमांपैकीं. तरीही एकामागून एक स्वार पडूं लागले. अखेर स्वारांनींच आपसांत ठरवून उतारावर वेग आंवरला. कोरड्या दिवसांत रस्त्यावर धूळ, वाहनांचें तेल व झिजलेल्या रबराची भुकटी सांचते. पहिली सर तिचा निसरडा लेप बनविते. जोराचा पाऊस पुष्कळ वेळ पडला म्हणजे हा लेप वाहून जातो. आपल्याकडील मृगाची पहिली रिमझिम ही आषाढांतील मुसळधारेहून अधिक फसवी असते, तिचें कारण हेंच.

आतां उपाय. वळतांना बाजूस जी ओढ लागते ती वेगाच्या वर्गाप्रमाणें वाढते. ताशीं १८ किलोमीटर वेगानें ५ मीटर त्रिज्येचें वळण घेतलें, तर ही ओढ एकंदर भाराच्या निम्म्याएवढी होते; वेग निम्मा केला कीं ती निम्मी न राहतां चौथाई होते, म्हणजे भाराचा केवळ एक अष्टमांश. तेव्हां वेग वळणाआधीं, सायकल सरळ असतांनाच, कमी करावा. रिमवर दाबणारे ब्रेक भिजल्यावर उशिरानें लागतात. म्हणून ते आधींच हलके दाबून रिम पुसून घ्यावी व मग हळूहळू जोर वाढवावा. रूळ शक्य तितका काटकोनांत ओलांडावा. टायरांतील हवा पावसांत किंचित् कमी ठेविली, तर टेकणारी जागा वाढते. पण ट्यूब रिमवर चेंगरण्याइतकी ती कमी नसावी. झिजून आंतलें कापड दिसूं लागलेला टायर तर तत्काळ बदलावा.

टायर चांगला असावा हें खरें. पण पाऊस, रस्ता व रबर यांचे गुण बदलणें स्वाराच्या स्वाधीन नसतें. वेग तेवढा त्याच्या स्वाधीन असतो. शाळेस पोंचण्यास दोन मिनिटें उशीर झाला तर तो दुसरे दिवशीं लवकर निघून भरून काढितां येतो. मोडलेला हात इतक्या सहजीं भरून येत नाहीं, हें प्रत्येक विद्यार्थ्यानें ध्यानांत ठेवावें.