व्हीनस फ्लायट्रॅपचा फुलदांडा: ठेवावा की खुडावा?

फेब्रुवारी सरत आला की बेंगळुरूतील बागप्रेमी मंडळींकडून मला एक छायाचित्र हमखास येते. लहानशी कुंडी, तिच्यात पाच-सात सापळे आणि मधोमध वर निघालेला एक जाडसर हिरवा कोंब. हे नवे पान आहे काय, अशी सोबत पृच्छा असते. कोंबाच्या टोकाशी सापळ्याची चपटी घडी न दिसता घट्ट, गोलसर गाठ दिसली, तर तो फुलदांडा समजावा. मग पुढचा प्रश्न येतो: ठेवावा की खुडावा? कीटकशास्त्राचा अभ्यासक म्हणून माझे मन ‘ठेवावा’ याच उत्तराकडे झुकते. त्या ओढीपायीच मी माझे पहिले रोप गमावले.

प्रथम एक गैरसमज दूर करू. या वनस्पतीचा लालसर ‘जबडा’ म्हणजे फूल नव्हे. ते पानाचे पाते आहे. फूल पांढरे, पाच पाकळ्यांचे आणि अगदी साधे असते. पर्णगुच्छ जमिनीलगत पसरतो, तर फुलदांडा १५ ते ३० सेंटिमीटर उंच जातो. डायोनिया मस्सिप्युला ही प्रजाती निसर्गतः केवळ अमेरिकेच्या उत्तर व दक्षिण कॅरोलिना राज्यांतील पाणथळ, निकृष्ट जमिनीच्या पाइन-माळांवर आढळते. तेथे ती मे-जूनमध्ये फुलते. आपल्या कास पठारावर पावसाळ्यात दिसणारी दवबिंदू, म्हणजेच ड्रॉसेरा, ही तिच्याच कुळातील.

जी वनस्पती कीटक खाते, तीच परागीभवनासाठी कीटकांवर विसंबते. मग ती आपल्याच पाहुण्यांना गिळत नाही काय? या प्रश्नाचे प्रत्यक्ष शेतातले उत्तर मिळायला बराच काळ लागला. उत्तर कॅरोलिना राज्य विद्यापीठातील एल्सा यंगस्टेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास २०१८ मध्ये ‘अमेरिकन नॅचरलिस्ट’मध्ये प्रसिद्ध झाला. फुलांवर त्यांना सुमारे १०० प्रकारचे संधिपाद जीव आढळले. परंतु वारंवार येणारे आणि अंगावर भरपूर पराग वाहणारे प्रमुख कीटक तीनच निघाले: एक हिरवी, चकचकीत घाममाशी, एक चौकटीदार नक्षीचा भुंगेरा आणि एक लांब शृंगांचा भुंगेरा. दोनशेहून अधिक सापळ्यांतील भक्ष्य तपासले, तेव्हा या तिघांपैकी एकही त्यांत सापडला नाही. सापळ्यांच्या वाट्याला प्रामुख्याने मुंग्या, कोळी यांसारखे जमिनीवर चालणारे जीव येतात. ‘फ्लायट्रॅप’ हे नाव त्या अर्थाने फसवे आहे. फुलांची उंची, रंग आणि गंध यांपैकी कशाचा किती वाटा, हे वेगवेगळे मोजल्याशिवाय ‘पाहुणे वाचावेत म्हणूनच दांडा उंच’ असे म्हणणे मला घाईचे वाटते. भोवतीच्या गवतातून वर डोकावण्याची गरजही तितकीच खरी आहे.

फुलाची रचना मात्र प्रत्येकाने भिंगाखाली पाहावी अशी आहे. फूल उमलते तेव्हा परागकोश आधी पक्व होतात. कुक्षी मागाहून तयार होते आणि तेव्हा तिचे टोक झुबक्यासारखे केसाळ दिसते. त्यामुळे एका फुलात आपोआप स्वपरागीभवन होणे अवघड जाते. रोप स्वतःचा पराग स्वीकारते, परंतु तो कोणीतरी पोहोचवावा लागतो. नुकत्याच उमललेल्या फुलातील पिवळा पराग बारीक कुंचल्याने आधी उमललेल्या फुलाच्या केसाळ कुक्षीवर लावावा. साधारण महिना-दीड महिन्यात काळे, चकचकीत, मोहरीपेक्षाही लहान बी तयार होते. ते ताजे असतानाच पेरावे. बियांपासून झालेले रोप फुलायला तीन-चार वर्षे तरी लागतात.

आता माझ्या रोपाविषयी. त्याला आठ कळ्या आल्या. तिसऱ्या मजल्यावरील गॅलरीत रोज सकाळी मी भिंग घेऊन बसत असे. एखाददुसरी बारीक माशी फिरकली, एवढेच. बी धरले ते कुंचल्याच्या कृपेने. जूनअखेर निघालेली पाने सापळ्याविनाच राहिली आणि ऑगस्टमध्ये भूमिगत खोड कुजले.

दोष एकट्या फुलाचा नव्हता. या वनस्पतीला तीन-चार महिन्यांची थंड विश्रांती लागते. तिच्या मूळ प्रदेशात, सुमारे ३४ अंश उत्तर अक्षांशावर, दिवस हिवाळ्यात १० तासांपर्यंत आखडतो आणि उन्हाळ्यात १४ तासांच्या पुढे जातो. १३ अंशांवरील बेंगळुरूत हा फरक जेमतेम दीड तासाचा. येथे जानेवारीतही पहाटेचे सरासरी तापमान १५ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. शहराची नोंदलेली नीचांकी ७.८ अंशांची, तीही १८८४ च्या जानेवारीतली! सुप्तावस्थेविना दोन हिवाळे काढलेल्या माझ्या रोपाच्या खोडात साठाच उरला नव्हता. त्यातून दांडा, फुले आणि बी असा खर्च झाला.

म्हणून नव्याने आणलेले, चारपेक्षा कमी सुदृढ सापळे असलेले किंवा हिवाळी विश्रांती न मिळालेले रोप असेल, तर दांडा पाच-सात सेंटिमीटरचा होताच बुडाशी कापावा. रोप दोन-तीन वर्षे टिकलेले व भरदार असेल, तर एक दांडा खुशाल ठेवावा. विश्रांतीसाठी डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात रोप ओलसर स्फॅग्नम शेवाळात गुंडाळून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवता येते. दर पंधरा दिवसांनी बुरशी तपासावी. एरवी थेट ऊन हवे. पाणी पावसाचे किंवा आरओचे द्यावे. बोअरवेलचे जड पाणी, खत आणि न धुतलेले कोकोपीट यांतील क्षार मुळांना सोसत नाहीत. मुलांना सापळ्यात काडी घालू देऊ नये, कारण रिकामी मिटलेली प्रत्येक पकड रोपाची शक्ती खर्च करते.

कापलेला दांडा फेकू नये. कळ्या उमलण्यापूर्वी कापलेल्या दांड्याचे बूड ओलसर पीटमध्ये दोन सेंटिमीटर खोचून कुंडी उजेडात, दमट ठेवली, तर दीड-दोन महिन्यांत बुडाशी नवी रोपे फुटू शकतात. वरचा भाग काळा पडला तरी दांडा उपटण्याची घाई करू नये. माझ्या गॅलरीतील आजची तीन रोपे अशाच एका काळ्या पडलेल्या दांड्यापासून झालेली आहेत.