निकाल लांबला की कुलगुरूंनाच का धरतात?

प्रश्न : आम्ही नवीन पनवेलला राहतो. मुलगी मुंबई विद्यापीठाच्या टी.वाय.बी.कॉम.ला आहे. निकाल लांबला की घरात, लोकलमध्ये, क्लासच्या दारात सगळे कुलगुरूंच्या नावाने बोटं मोडतात. एवढ्या मोठ्या विद्यापीठाचे हे प्रमुख नेमके करतात काय? त्यांना नेमतं कोण, काढतं कोण? आणि पनवेलच्या पालकाचं म्हणणं तिथवर पोचतं का?
– एक पालक, नवीन पनवेल

उत्तर : आधी नेमणुकीचं पाहू, कारण बाकीच्या गोष्टींचं मूळ तिथेच आहे. आपल्याकडे सरकारी विद्यापीठांना महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, 2016 लागू आहे. तो 1 मार्च 2017 पासून अमलात आला. राज्यपाल हे पदसिद्ध कुलपती. शोध समिती अर्ज मागवते, मुलाखती घेते आणि किमान पाच नावं राज्यपालांकडे पाठवते. त्यांतलं एक नाव राज्यपाल निवडतात. मुदत पाच वर्षं किंवा वयाची 65 वर्षं, यांपैकी जे आधी येईल ते. फेरनेमणूक नाही. 2021 मध्ये या निवडीत राज्य सरकारचा हात वाढवणारी दुरुस्ती विधिमंडळाने केली होती. सरकार बदललं आणि तो निर्णय फिरला.

या मुदतीची तुलना करून पाहा. अमेरिकेत सरकारी विद्यापीठाच्या अध्यक्षाला, म्हणजे तिथल्या प्रमुखाला, विश्वस्त मंडळ नेमतं, आणि काम पटलं तर वर्षानुवर्षं ठेवून घेतं. उत्तर प्रदेशात जन्मलेल्या रेणू खटोर 2008 मध्ये ह्यूस्टन विद्यापीठाच्या अध्यक्ष झाल्या आणि दीड दशकाहून अधिक काळ त्याच खुर्चीवर राहिल्या. आपल्या कुलगुरूंचं पहिलं वर्ष विद्यापीठ समजून घेण्यात जातं आणि शेवटच्या वर्षी पुढच्या कुलगुरूंची चर्चा सुरू होते. हाती खरी तीन वर्षं लागतात.

या पदावर कोण आले ते पाहिलं तर पदाचं काम कसं बदलत गेलं तेही कळतं. मुंबई विद्यापीठ 1857 चं. पहिले कुलगुरू सर विल्यम यार्डली न्यायाधीश होते. 1892 मध्ये पहिले भारतीय कुलगुरू झालेले काशिनाथ त्र्यंबक तेलंगही उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती. तेव्हा पद मानाचं आणि बिनपगारी होतं. कोर्टाचं काम सांभाळून ते करता येई, कारण विद्यापीठ स्वतः शिकवत नव्हतं. परीक्षा घ्यायचं आणि पदव्या द्यायचं. शिकवणं पुढे आलं : समाजशास्त्रज्ञ पॅट्रिक गेडिस यांच्या नेतृत्वाखाली समाजशास्त्राचा विभाग निघाला तो 1919 साली. पुढे धर्मशास्त्राचे गाढे अभ्यासक महामहोपाध्याय पां. वा. काणे कुलगुरू झाले. सरन्यायाधीशपदावरून निवृत्त झालेले प्र. बा. गजेंद्रगडकर 1966 मध्ये याच खुर्चीवर बसले.

आज तेलंग किंवा गजेंद्रगडकर यांनी अर्ज केला असता तर बहुधा छाननीतच बाद झाला असता. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांनुसार उमेदवाराला प्राध्यापकपदाचा, नाहीतर नावाजलेल्या संशोधन किंवा शैक्षणिक संस्थेतल्या वरिष्ठ कामाचा किमान 10 वर्षांचा अनुभव लागतो. जानेवारी 2025 मध्ये आयोगाने उद्योग आणि लोकप्रशासनातल्या अनुभवी मंडळींनाही दार उघडणारा मसुदा मांडला, त्यावर देशभर वाद झाला. सध्याची रुळलेली वाट मात्र अध्यापक, विभागप्रमुख किंवा प्राचार्य आणि मग कुलगुरू अशीच आहे. 2018 मध्ये मुंबईचे कुलगुरू झालेले डॉ. सुहास पेडणेकर हे रुइया कॉलेजचे प्राचार्य होते. तुमच्या पनवेलचं महात्मा फुले महाविद्यालय ज्या रयत शिक्षण संस्थेचं, तिथेच कर्मवीर भाऊराव पाटलांच्या तालमीत घडलेले बॅ. पी. जी. पाटील पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

आता कामाचं. कायद्याने कुलगुरू हे विद्यापीठाचे प्रमुख शैक्षणिक आणि कार्यकारी अधिकारी. पण त्यांच्या एकट्याच्या सहीने फार थोडं हलतं. अभ्यासक्रम विद्या परिषदेत ठरतो, पैशांचे आणि नेमणुकांचे विषय व्यवस्थापन परिषदेत येतात, अर्थसंकल्प अधिसभेपुढे जातो, परीक्षांची धोरणं परीक्षा व मूल्यमापन मंडळ ठरवतं. तातडीच्या वेळी कुलगुरू स्वतः निर्णय घेऊ शकतात. नंतर तो संबंधित मंडळापुढे ठेवावा लागतो. म्हणजे ज्याला मंडळं सोबत नेता येतात तोच कुलगुरू काही करून दाखवतो.

एक उदाहरण तुमच्या घरातच आहे. मुलीची मार्कशीट काढा आणि नावाची ओळ वाचा. वडिलांच्या नावाबरोबर आईचंही नाव दिसेल. हा निर्णय 1995 ते 2000 या काळात कुलगुरू असलेल्या डॉ. स्नेहलता देशमुख यांचा. त्या लहान मुलांच्या शल्यचिकित्सक आणि सायन रुग्णालयाच्या अधिष्ठाता होत्या. इमारती सगळेच कुलगुरू उभारतात. लाखो घरांत पोचलेली ही एक ओळ मात्र त्यांच्या नावावर राहिली.

आणि आता निकाल. 2016 च्या त्याच कायद्यात म्हटलं आहे की परीक्षा संपल्यापासून 30 दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करावा, आणि कोणत्याही परिस्थितीत 45 दिवसांच्या पुढे जाऊ नये. गेलाच तर विद्यापीठाने कारणांसह अहवाल द्यायचा असतो. त्यामुळे लोकलमधली मंडळी बोटं मोडतात तेव्हा अगदीच चुकत नाहीत. जबाबदारी शेवटी कुलगुरूंपाशीच येते.

2017 साली हे सगळ्यांनी पाहिलं. डॉ. संजय देशमुख कुलगुरू असताना त्या उन्हाळ्यात विद्यापीठाने सगळ्या उत्तरपत्रिका एकदम संगणकाच्या पडद्यावर तपासायचं ठरवलं. सुमारे 17 लाख उत्तरपत्रिका होत्या. गठ्ठे आणून प्रत्येक पान स्कॅन करायचं, मग प्राध्यापकांनी केंद्रावर बसून माउसने गुण द्यायचे, असं ते काम. कल्पना वाईट नव्हती, आज ती पद्धत रुळली आहे. पण पुरती तालीम न करता सगळ्या शाखांना एकाच हंगामात ती लावली गेली. राज्यपालांनी 31 जुलैची मुदत दिली, ती हुकली. काही शाखांचे निकाल सप्टेंबरवर गेले. परदेशी आणि पुढच्या वर्गांना जाणारी मुलं अडकली. ऑगस्टमध्ये शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू डॉ. देवानंद शिंदे यांच्याकडे मुंबईचाही कारभार सोपवण्यात आला आणि 24 ऑक्टोबर 2017 रोजी राज्यपाल चे. विद्यासागर राव यांनी देशमुख यांना पदावरून दूर केलं. काढतं कोण, याचं उत्तर यात आलं : नेमणारे कुलपतीच, पण आधी नोटीस देऊन आणि बाजू ऐकून.

माझं मत विचाराल तर संलग्न कॉलेजांचा एवढा पसारा असलेल्या विद्यापीठात कुलगुरूंची विद्वत्ता भाषणात नव्हे, परीक्षा भवनात दिसते. बदल आणायचा तर आधी एका शाखेवर करून पाहावा आणि नाही म्हणणारा परीक्षा नियंत्रक जवळ ठेवावा. एवढं ज्याला जमतं तो चांगला कुलगुरू.

तुमचं म्हणणं पोचवायची वाट अशी. आधी निकाल कुणाकडे अडकलाय ते पाहा. संलग्न कॉलेजात पहिल्या दोन वर्षांच्या परीक्षा साधारणपणे कॉलेजच घेतं, तिसऱ्या वर्षाची विद्यापीठ घेतं. तुमच्याच भागातल्या चांगू काना ठाकूर महाविद्यालयासारख्या स्वायत्त कॉलेजात मात्र परीक्षा आणि निकाल कॉलेजकडेच असतात. त्यानुसार लेखी अर्ज करा आणि पोचपावती घ्या. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2023 च्या नियमांनुसार विद्यार्थ्यांसाठी तक्रार निवारण समिती असावी लागते, आणि तिच्या निर्णयावर विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येतं. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवलेल्या मेसेजची दखल घ्यायला यांपैकी कुणीही बांधील नाही.

शेवटची गोष्ट तुमच्या स्वतःच्या हातातली आहे. मुंबई विद्यापीठाच्या अधिसभेवर पदवीधर 10 प्रतिनिधी निवडून देतात, आणि तेच प्रतिनिधी कुलगुरूंना भर सभेत निकालाबद्दल जाब विचारतात. मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंत लाखो पदवीधर असताना सप्टेंबर 2024 च्या निवडणुकीत मतदार होते अवघे तेरा हजारांच्या आसपास, कारण बाकीच्यांनी नावच नोंदवलेलं नाही. तुम्ही स्वतः या विद्यापीठाचे पदवीधर असाल, तर पुढची नोंदणी सुरू होताच पदवी प्रमाणपत्र घेऊन नाव घाला, आणि मुलगी पदवीधर झाली की तिचंही घालायला लावा.